नाशिकच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास : कुठे काय आहे, कसं जपायचं आणि किती उघड करायचं?

शरणपूरची_नात

जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आमची मंडळी आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि ती स्थापन झाली. त्याआधी आम्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले. नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ चा, पहिले बिशप फिलिप लॉइड. त्याच्याही मागे गेलं तर चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली नाशकात सुरू केलेलं काम. म्हणजे २०३२ ला दोनशे वर्षं होतील. स्मरणिका निघेल, भाषणं होतील. त्या स्मरणिकेत काय छापलं जाणार याची मला आत्तापासून काळजी लागली आहे.

कारण असं, की आपल्याविषयी जे लिहून ठेवलेलं सापडतं ते बहुतेक मिशनऱ्यांनी आपल्या लंडनच्या कचेरीला इंग्रजीत लिहिलेलं. सोसायटीचे ते कागद बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत नीट सांभाळलेले आहेत, आणि ते सांभाळले याबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते. पण त्या पत्रांत बोलणारा माणूस साहेब आहे. आपली माणसं कुणाच्या तरी वाक्यात येऊन जातात. शाळा कोणी काढली ते कळतं, पण त्या शाळेतली मुलगी पुढे काय झाली ते कळत नाही.

ते कळतं ते घरातल्या कागदांतून. माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे गावोगावी जाऊन बायांना बायबल वाचून सांगणारी. ओझर, निफाड, सिन्नर या बाजूला बैलगाडीने, नाहीतर पायी जायची. तिची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, हिशेबाच्या वहीसारखी, शिवण सुटलेली. प्रत्येक गावाला तिने दोन-तीन ओळी दिल्या आहेत : कोणत्या आळीत बसली, किती बाया ऐकायला आल्या, कोणतं गीत म्हटलं, जेवायला कोणी घातलं. एका गावाच्या नोंदीत भाकरी मिळाल्याचं आहे आणि पुढे, पाणी वरून ओतलं, एवढंच. त्याच गावाची नंतरची नोंद आहे, त्यात तांब्या हातात दिल्याचं लिहिलंय आणि त्या बाईचं नावही. मधल्या काळात काय घडलं ते आजीने लिहिलेलं नाही, पण मला वाटतं आपल्या मंडळीचा इतिहास त्या दोन नोंदींच्या मध्ये आहे.

अशा वह्या, फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, गीतांच्या हस्तलिखित वह्या घराघरांत असणार. जुनी माणसं गेली की मुलं फ्लॅट बदलताना हे सगळं रद्दीत जातं. ते कसं गोळा करावं, कागद कसा टिकवावा, आणि त्यातलं सर्वांपुढे काय मांडावं, याबद्दल जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा.

पंचवटीकर

फार चांगला विषय, ताई. मी ख्रिस्ती नाही, पण जन्म नाशकातला. शरणपूर रोडने शाळेत जायचो. शरणपूर नावाचं वेगळं गाव होतं हे मला चाळिशीत कळलं! त्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? शाळेत रामायण, सातवाहन, पेशवे, अभिनव भारत, सगळं शिकवलं, हे मात्र कुठेच नव्हतं.

शरणपूरची_नात

लिहिते, आणि लांब लिहिते.

शरणपूर वसवलं रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी, १८५० च्या दशकाच्या मध्यात. त्या काळी बाप्तिस्मा घेतला की घर सुटायचं, विहीर सुटायची, धंदा सुटायचा. म्हणून शहराच्या पश्चिमेला ही वेगळी वस्ती. चर्च, शाळा, अनाथाश्रम आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने. आपल्यातल्या कित्येक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या हातचं काम चांगलं आहे, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आणि या शरणपुरात आफ्रिकेची मुलं राहत होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली अरबी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यातली सुटका झालेली काही मुलं मुंबईला उतरवली जात आणि तिथून नाशिकला पाठवली जात. इथे ती लिहा-वाचायला शिकली, हातचं काम शिकली. १८६४ मध्ये त्यांच्यापैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळच्या रबाई इथल्या मिशनवर कामाला गेले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये तिकडे धर्मसेवेची दीक्षा मिळाली.

आफ्रिकेत शोधसफरी करणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने आपल्या शेवटच्या सफरीसाठी नाशिकची ही मुलं सोबत घेतली होती. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी तुकडी धाडली तीतही नाशिकचे विद्यार्थी होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज तिथे झाडाखाली पुरलं, अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली. मग देह वाळवून, बांधून, त्या माणसांनी तो किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. पोचायला १८७४ चा फेब्रुवारी उजाडला. वेनराइट देहासोबत जहाजाने इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांत तो होता.

शरणपुरात शिकलेल्या त्या मुलाने डायरी लिहिली होती. ती स्कॉटलंडमध्ये लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावच्या संग्रहालयात आहे आणि २०१९ पासून इंटरनेटवर पानन् पान बघता येते. मी ती बघते तेव्हा मला अक्षराचं वळण दिसतं, आणि हे वळण आपल्या गावात गिरवलेलं आहे हे मनात येतंच.

किनाऱ्यावरून

मी नोकरीनिमित्त मोंबासाला होतो. तिथे फ्रेअरटाउन म्हणून वस्ती आहे. सर बार्टल फ्रेअर यांच्या नावाची, हेच आपले मुंबईचे गव्हर्नर. प्राइससाहेबच १८७४ मध्ये नाशिकच्या अनुभवावर तिकडे पाठवले गेले आणि १८७५ मध्ये ही वस्ती सुरू झाली. सुरुवातीच्या लोकांत 'बॉम्बे आफ्रिकन्स', म्हणजे इकडे वाढून परत गेलेले आफ्रिकी, पुष्कळ. रस्त्यालगत एक घंटा टांगलेली आहे, तिच्यावरून त्या भागालाच केंगेलेनी म्हणतात. गुलामांच्या होड्या आल्या की इशारा द्यायला ती वाजवत. जवळच इमॅन्युएल चर्च. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी नाशिकचा म्हटल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या घरात नाशिक हे नाव आजोबांपासून चालत आलेलं. आपल्याकडे मात्र फ्रेअरटाउन कुणाला ठाऊक नाही. दोन्हीकडच्या मंडळ्यांनी पत्रव्यवहार सुरू करायला हवा.

कागदपत्री

मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते. कळकळीने सांगते : लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही गोष्टी माणसं प्रेमापोटीच करतात, पण लॅमिनेट केलेला कागद आत भाजतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. टेपचा गोंद काही वर्षांत तेलकट पिवळा होऊन अक्षरं खातो. फाटलेला दाखला तसाच दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवा.

जुनी निळी-काळी शाई तपकिरी पडली असेल तर ती लोखंडी शाई आहे. ओल लागली की ती कागदाला अक्षराच्या आकाराची भोकं पाडते. त्यामुळे नाशिकच्या पावसाळ्यात लोखंडी कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं अंतर सोडा. खालच्या खणात काही ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधतात, तीच पद्धत घरी करा. साधं मांजरपाट घ्यायचं, दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढायची, वाळवून त्यात गुंडाळायचं. खळ राहिली तर कसर येते.

फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीशेजारी, ऊन थेट पडणार नाही असं टेबल बघा. जुनी वही सपाट दाबून उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडी ठेवा. मुखपृष्ठ, कोरी पानं, मागचे हिशेब, सगळं टिपा. ताई, तुमच्या आजींच्या वहीची सुटलेली शिवण पुन्हा शिवायला कुणाकडे देऊ नका. आहे तशी बांधून ठेवा. पानांवर क्रमांक घालायचे तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात.

नगरचा_वाचक

नाशिककरांनो, आमच्या नगरचंही थोडं. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. तुम्ही अँग्लिकन, ते काँग्रिगेशनल, पण जुन्या अंकांत इतर मंडळ्यांच्याही बातम्या येत. दीक्षा, बदल्या, लग्नं, मृत्यू, आणि सगळं मराठीत. साहेबाच्या पत्राला आपल्या भाषेतला जोड हवा असेल तर तिथे शोधा. १९७० च्या एकीकरणानंतर नगर आणि नाशिक एकाच चर्चमध्ये आलो, तेव्हा तो वारसा तुमचाही.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं नाव अजून कसं आलं नाही? नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या, आणि १९३६ मध्ये वारल्या त्याही नाशकातच. 'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट जाणवते. नारायण वामन टिळकांचा १८९५ चा बाप्तिस्मा हा मिशनच्या दृष्टीने मोठा विजय होता. लक्ष्मीबाईंनी तो घरातून लिहिला : नवरा गेला, सोवळं राहिलं, मग हळूहळू तेही गेलं. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, हा प्रश्न त्यांच्याकडेही आहेच. तुमच्या आजींच्या वहीतलं पाणी वाचून मला थेट तेच आठवलं.

जेलरोडकर

कॅथलिक आहे, तरी लिहितो. आमचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा, पुण्यातून वेगळा झालेला. नाशिकरोडच्या बालयेशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत लाखो लोक येतात म्हणून लोकांना आम्ही दिसतो. पण कॅथलिक कुटुंबांचं म्हणजे नोटांच्या सरकारी प्रेसमधले, रेल्वेतले, वसईहून-गोव्याहून आलेले, गावाकडून आलेले, कुणाचंच नीट लिहिलेलं नाही. तुमचं काम सुरू झालं की आम्हालाही बोलवा. वाचतोय.

मंडळीतला_एक

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात कुठे पूर्वीची जात लिहिलेली असते, कुठे आईवडील अज्ञात असं असतं. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत पोरकी मुलं आली, त्यांच्या नोंदी आहेत. एका मंडळीत कुणीतरी अशा पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एका मुलीचं लग्न ठरत होतं. ते मोडलं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीतही असली पानं लोक एकमेकांविरुद्ध वापरतात. धर्मांतराविषयी सध्या बाहेर काय वातावरण आहे ते सांगायला नको. इतिहास जपा, जरूर जपा. पण 'शेअर' करण्याच्या उत्साहात जिवंत माणसं भरडली जाऊ नयेत. माझं मत, रजिस्टरं पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कुलपात आहेत तीच बरी.

निळी_पायवाट

दादा, तुमचं दुःख कळतं. पण माझं पूर्ण उलट मत आहे. तो जातीचा रकाना हाच आमचा इतिहास आहे. माझे पणजोबा कोण होते, कुठल्या गावकुसाबाहेरून आले, हे मला लपवायचं नाही. तो रकाना झाकला की उरतं काय? अमुक साली चर्च बांधलं, अमुक बिशप आले, अमुक गेले. आमची माणसं पुन्हा गायब. आणि कुलपातलं म्हणाल तर कुलपातलीच रजिस्टरं वाळवीने खाल्लेली मी पाहिली आहेत. वरून पुठ्ठा शाबूत, आत भुगा.

मंडळीतला_एक

ताई, तुम्ही तुमच्या पणजोबांबद्दल बोलू शकता. शेजारच्या ओळीत ज्याचं नाव आहे त्याच्या पणतीला कोणी विचारलंय?

निळी_पायवाट

हे मान्य. विचारलं पाहिजे. पण कायमचं झाकून ठेवणं म्हणजे विचारणं नव्हे.

शरणपूरची_नात

तुम्ही दोघांनी जे लिहिलंत त्यासाठीच हा धागा काढला होता असं आता वाटतंय. मी बराच विचार केला, आणि एकदोघा वडीलमंडळींशी बोलले. माझ्या मते टिपणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. टिपायचं सगळं, अगदी प्रत्येक रकाना. त्याला पाळकसाहेबांची आणि पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची) लेखी परवानगी हवी, कारण रजिस्टर मंडळीचं आहे. फोटोंच्या प्रती मंडळीकडे आणि धर्मप्रांताकडे राहतील. दाखवताना मात्र शंभर वर्षांच्या आतलं बाप्तिस्म्याचं पान कुठेही जाणार नाही. त्याआधीचंही नावासकट फक्त त्या घरातल्या माणसाला. अभ्यासकाला प्रत्यक्ष बसून बघता येईल, फोटो नाही. नावं काढून एकूण चित्र लिहायला हरकत नसावी : कुठल्या गावांतून लोक आले, काय काम करत होते, कुठल्या दशकात किती. निळीताई, ज्यांना स्वतःच्या घराची गोष्ट नावानिशी सांगायची आहे त्यांनी ती पूर्ण सांगावी, तिला कोणी कात्री लावणार नाही. स्मरणिकेत ती पहिल्या पानापासून असावी असं मी भांडून सांगेन.

दादा, यात तुमचं पूर्ण समाधान होणार नाही हे मला माहीत आहे.

मंडळीतला_एक

पूर्ण नाही. पण लेखी नियम असेल आणि कमिटी त्यावर सही करणार असेल तर मी विरोध करणार नाही. व्हॉट्सॲपवर एकही पान जाणार नाही हे नियमात पहिलं लिहा.

दगडवाचक_देवळाली

लग्नाच्या नोंदींबद्दल एक भर. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नाच्या नोंदींच्या प्रती सरकारकडे पाठवाव्या लागतात. म्हणजे मंडळीचं लग्नाचं रजिस्टर गेलं असेल तरी सगळं संपलं असं धरू नका. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. बहुतेक युरोपियनांच्या, पण देशी ख्रिस्ती लोकांच्या काही सापडतात.

माझा स्वतःचा छंद दफनभूमीतले दगड वाचण्याचा. देवळालीच्या गोऱ्या शिपायांच्या कबरींची विचारपूस करायला परदेशातून माणसं येतात, मराठी नावांच्या कबरींकडे कोणी बघत नाही. त्यावरची अक्षरं उथळ कोरलेली असतात आणि पावसाने पुसत चालली आहेत. दगडावर खडू घासू नका, ॲसिड तर अजिबात नको. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. ऊन तिरकं पडलं की दुपारी न दिसणारी ओळ दिसायला लागते. वचन कोणतं कोरलंय तेही उतरवा, घराने ते निवडलेलं असतं. आणि कबरीवरचं तर उघडच असतं, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न इथे कमी. माझ्या मते कामाला सुरुवात इथून करावी.

मोडीवाचक

मिशनच्या आवारातली जुनी भाडेपत्रं, कबुलायती, उसनवारीच्या चिठ्ठ्या मोडीत असण्याची दाट शक्यता आहे. घरात कुणाला वाचता येत नाही म्हणून असले कागद आधी फेकले जातात. फेकू नका. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांपैकी दोघांना तरी पाठवा. तोवर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून देईन. पैसे नकोत.

सरोजमावशी

मी शाळेतून निवृत्त झाले. माझ्या सासूबाईंना 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकातली गीतं पाठ होतीच, पण त्यांत नसलेली ओव्यांच्या चालीची गाणी त्या दळताना म्हणायच्या. मुलाच्या जन्माची, योसेफाला विहिरीत टाकल्याची. त्यांच्यासोबत ती गेली. मला दोनच पूर्ण येतात. वह्या, रजिस्टरं करा, पण गळे आधी नोंदवा बाळांनो. आमच्या भगिनी मंडळात नव्वदीच्या पुढच्या तिघी आहेत. त्यांना 'इतिहास सांगा' म्हटलं तर त्या गप्प बसतील. मी विचारून बघितलंय. नाताळच्या करंज्या कोणाच्या घरी व्हायच्या, घंटा कोण वाजवायचं, उपदेशकाला पगार काय मिळायचा आणि तो पुरायचा का, असं विचारा. जुना फोटो हातात दिला की तासभर बोलायच्या थांबत नाहीत.

शरणपूरची_नात

सरोजमावशी, तुम्ही म्हणता तेच पहिलं. तुमची दोन गाणी या आठवड्यात फोनवर नोंदवू, मग त्या तिघींकडे तुम्हीच न्या.

कमिटीकडे अर्ज दिला आहे, त्यात व्हॉट्सॲपचा नियम पहिलाच आहे. कबरींचं काम पावसाळ्याआधी उरकायचं ठरवतोय. देवळालीच्या दादांनी एक शनिवार द्यावा. कागदपत्रीताईंनी लिहिलेलं छापून चर्चच्या फळ्यावर लावणार आहे, त्यांची हरकत नसेल तर. पंचवटीकर, सार्वजनिक वाचनालयात शरणपूरवर एक छोटं प्रदर्शन मांडता येईल का याची चौकशी तुम्ही कराल का? हे वाचनालय १८४० ची संस्था. नाशिकच्या इतिहासात आम्ही कोपऱ्यात नाही, मध्येच आहोत, हे तिथेच मांडलेलं शोभेल.

पंचवटीकर

करतो. उद्याच जातो.

शरणपूरची_नात

आणखी एक विनंती. सोसायटीचं काम मालेगाव, जुन्नर, औरंगाबाद या बाजूलाही होतं आणि पाळक-उपदेशकांच्या बदल्या या गावांमध्ये व्हायच्या. माणूस बदलून गेला की त्याच्या पेटीतले कागदही जायचे. तेव्हा नाशिकच्या वह्या तिकडे असणार. या गावांतलं कोणी हे वाचत असेल आणि घरात माळ्यावर पत्र्याची जुनी पेटी असेल, तर आत काय आहे ते फक्त कळवा. कागद पाठवू नका, आम्ही येऊ.